फुलवालीचं दुकान आणि साहेबाच्या सपाता



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय नवीनच काढलं! विषय आहे हॉलिवूडचे जुने, प्रेमाचे विनोदी सिनेमे. त्यांतले काही आज पाहिले की हसू येत नाही, ते का? आपल्या वर्धा जिल्ह्यात हे सिनेमे पाहतं कोण, असंही वाटेल. पण आपण ते पाहिलेले आहेत, फक्त नाव वेगळं होतं. 1934 सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ची गोष्ट राज कपूर-नर्गिसच्या ‘चोरी चोरी’त 1956 साली आली आणि 1991 साली ‘दिल है के मानता नहीं’मध्ये परत आली. ‘सत्ते पे सत्ता’ म्हणजे 1954 सालचा ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’. आणि ‘ती फुलराणी’ ज्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून आली, त्यावरूनच ‘माय फेअर लेडी’ निघाला.

आमच्या गटांच्या सभेत हप्ते गोळा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या की थोड्या गप्पा होतात. आता मोबाइलवर सगळंच दिसतं, म्हणून सिनेमाचाही विषय निघतो. तेव्हा एक गोष्ट आमच्या लक्षात आली. एखाद्या जुन्या सिनेमात सासू आणि जावई खदखदून हसवतात, पण नायक नायिकेच्या मागे लागला की बायका गप्प होतात. एखादी म्हणते, ‘‘यात हासाचं काय हाय वो बाई?’’ आजचं भाषण या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

जुनं झालं म्हणून हसू आटलं, हे उत्तर पुरत नाही. चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ 1931 सालचा आहे, त्यात बोलणं नाही, तरी लहान पोरंही हसतात. भाषा परकी म्हणून, असंही नाही. म्हणून इतिहासात जरा मागे जाऊ.

सुरुवात शेक्सपिअरपासून करावी लागते. तडफदार, तोंडाळ बायकोला नवरा कसा ‘सरळ’ करतो, असं एक विनोदी नाटक त्यानं चारशे वर्षांपूर्वी लिहिलं. त्यातला नवरा बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, आणि शेवटी ती इतर बायकांना नवऱ्याच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश करते. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ते ‘त्राटिका’ नावानं मराठीत आणलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते खूप गाजलं. तेव्हा आपल्या रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत. म्हणजे बाईनं कसं नमावं हे पुरुषानं लिहिलं आणि बाईच्या वेशात पुरुषानंच करून दाखवलं.

हॉलिवूडनं हेच नाटक 1929 साली बोलपटात आणलं. नायिका होती मेरी पिकफर्ड. तिनं तो शेवटचा उपदेश केला, पण करताकरता हळूच डोळा मारला. पाहणाऱ्या बायकांना जे कळायचं ते कळलं. पुढे 1953 सालच्या ‘किस मी केट’मध्ये आणि 1963 सालच्या ‘मॅक्लिन्टॉक’मध्ये मात्र नायक नायिकेला मांडीवर आडवी घालून चोपतो, आणि तो हसण्याचा प्रसंग आहे! ज्या घरात मार खाल्लेला आहे, त्या घरातली बाई इथं हसणार कशी?

‘सेव्हन ब्राइड्स’मध्ये सहा भाऊ गावातल्या सहा मुली पळवून आणतात. बर्फ कोसळून घाट बंद होतो, हिवाळा सरतो आणि मुली त्यांच्याच प्रेमात पडतात. गाणी-नाच उत्तम आहेत. पण मुलगी घरातून उचलून नेली की तिच्या आईबापाचं काय होतं, हे गावात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

1959 सालचा ‘पिलो टॉक’ तर शहरातल्या, स्वतः कमावणाऱ्या बाईचा. डोरिस डे घरं सजवायचं काम करते. तिची आणि रॉक हडसनची टेलिफोनची लाइन एकच, त्यावरून भांडणं. मग तो खोटं नाव, खोटा स्वभाव धारण करून तिच्याशी प्रेम करतो. शेवटी तिला अंथरुणातून उचलून, रात्रीच्या कपड्यांतच रस्त्यावरून नेतो. ती वाटेतल्या पोलिसाला सांगते, याला पकडा. पोलीस हसून नायकाचीच बाजू घेतो. या सिनेमाला पटकथेचं ऑस्कर मिळालं.

मैत्रिणींनो, आम्ही हा प्रसंग मुद्दाम सांगितला. आपल्या देशात बाईनं नाही म्हटल्यावरही तिचा पिच्छा पुरवणं हा 2013 सालापासून कायद्यानं स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसापुढे तक्रार करणारी बाई आज आपल्याला खरी दिसते. म्हणून तिथं हसू अडतं. जिथं बाईचा नकार म्हणजे पुढच्या दृश्याची तयारी, तो विनोद आता चालत नाही.

पण मग त्या काळच्या बायका का हसल्या? त्या काही बावळट नव्हत्या. याचं उत्तर आम्हाला बँकेच्या पासबुकात सापडलं. अमेरिकेत बाई म्हणून किंवा लग्न झालेली आहे म्हणून कर्ज नाकारायला बंदी करणारा कायदा 1974 साली आला. त्याआधी अनेक बँका बाईला नवऱ्याची सही मागत. म्हणजे पडद्यावरची ती झोकदार नायिका स्वतःच्या नावावर कर्ज मिळेल याची खात्री धरू शकत नव्हती. तिच्यासाठी लग्न हेच घर आणि लग्न हीच बँक. त्यात 1934 पासून हॉलिवूडवर सिनेमाच्या नियमावलीचा कडक अंमल बसला. लग्नसंस्थेचा मान राखलाच पाहिजे, असं त्यात होतं. त्यामुळे गोष्ट कुठूनही निघाली तरी लग्नाच्या दारात येऊन थांबायची. दार एकच असलं की आत ढकलणाराही प्रेमळ वाटतो.

आता येऊ फुलवालीकडे. या सगळ्या गोष्टीत आम्हाला तीच जास्त जवळची.

बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ नाटक 1913 सालचं. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी एलिझा भाषेच्या प्राध्यापकाकडे जाते. कशासाठी? लग्नासाठी नाही. तिला फुलांच्या दुकानात काम मिळवायचं असतं, आणि तिच्या गावंढळ बोलण्यामुळे ते मिळत नसतं. शिकवणीची फी द्यायचीही तिची तयारी असते. प्राध्यापक मात्र मित्राशी पैज लावतो. शॉनं शेवटी तिचं त्या प्राध्यापकाशी लग्न लावलं नाही. पुढे 1916 साली त्यानं बजावून लिहिलं, की ती दुसऱ्याशी लग्न करते आणि फुलांचं दुकान काढते. कर्नलसाहेब भांडवल देतात. दुकान चालेना, हिशेब जमेना, म्हणून नवरा-बायको वर्गाला जातात. हळूहळू फुलांसोबत भाजीही विकायला लागतात आणि जम बसतो. हे वाचून आम्हाला वाटलं, ही तर आपल्याच गटातली!

पण सिनेमावाल्यांना दुकान नको होतं. 1938 सालच्या सिनेमात आणि पुन्हा 1964 सालच्या ‘माय फेअर लेडी’त एलिझा प्राध्यापकाकडे परत येते, आणि तो खुर्चीत रेलून आपल्या सपाता कुठं आहेत ते विचारतो. संपलं. या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. दुकान गेलं आणि सपाता राहिल्या. आवाजाच्या या गोष्टीत ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणीही दुसऱ्याच गायिकेच्या, मार्नी निक्सनच्या, आवाजात आहेत.

पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली तिला मराठीत आणून मंजुळा केलं, आणि भक्ती बर्वे यांनी तिचा राग असा उभा केला की तो अजून आठवला जातो. 1980 सालच्या ‘मनपसंद’मध्ये तीच पोरगी गाडीत दातून विकताना दिसते. आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक अंग आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणणारं माणूस मराठी नाटक-सिनेमात बहुतेक हसवायलाच आलेलं असतं. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक प्राध्यापकाच्या बाजूनं बसतो. आर्वीची, समुद्रपूरची बाई फुलवालीच्या बाजूनं बसते, कारण बँकेत, दवाखान्यात, शाळेत तिच्या बोलण्याला कोणी तरी हसलेलं असतं. विनोद पडतो की उठतो, हे तुम्ही कोणत्या बाजूला बसलात त्यावर आहे.

आणखी एक फुलवाली आहे, ‘सिटी लाइट्स’मधली. ती आंधळी, आणि चॅप्लिन फाटका भणंग. तो काय काय करून तिच्या डोळ्यांसाठी पैसे जमवतो. शेवटी तिला दिसायला लागतं आणि ती आजीसोबत स्वतःच्या फुलांच्या दुकानात उभी असते. ज्यानं मदत केली तो दारात येतो, पण काही मागत नाही. हाताच्या स्पर्शावरून ती त्याला ओळखते. पुढे काय, हे चॅप्लिन सांगत नाही. ते ठरवणं तिच्यावर सोडतो.

याच 1931 साली लंडनमध्ये चॅप्लिन गांधीजींना भेटला. गांधीजींना तो कोण हे माहीत नव्हतं. दोघांचं बोलणं झालं ते यंत्रांवर, माणसाच्या हाताला काम राहील का यावर. पाच वर्षांनी, 1936 साली, गांधीजी आपल्या सेवाग्रामला राहायला आले, आणि त्याच वर्षी यंत्राच्या चाकात अडकलेल्या कामगाराचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यातही प्रेम आहे, विनोद आहे. पण त्या दोघांची खरी अडचण भाकरीची आणि घराची.

टिकणाऱ्या विनोदाची खूण आम्हाला हीच वाटते. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 सालचा, तरी आजही घरोघरी लागतो. पुण्यात खोली मिळत नाही, ही अडचण खरी. साडी नेसून वावरताना पुरुषांची त्रेधा उडते, हसू त्यांच्यावर होतं. ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्येही मंदीच्या दिवसांत खिसा रिकामा असतो, आणि गाडी थांबवायची युक्ती नायकाला नाही, नायिकेला जमते. जिथं दोघंही अडचणीत आणि दोघंही हुशार, तिथं आजही हसू येतं. जिथं एकाची पैज आणि दुसरीचा जन्म, तिथं येत नाही.

म्हणून घरात जुना सिनेमा लागला आणि मुलगी हसली नाही, तर तिला ‘तुला विनोद कळत नाही’ असं म्हणू नका. का हसली नाहीस, हे विचारा. ती जे सांगेल ते गटाच्या पुढच्या सभेत घेऊन या. आणि ज्या फुलवालीला दुकान काढायचं आहे, तिचा कर्जाचा अर्ज याच महिन्यात घेऊ. सही तिची एकटीची लागेल.