यंत्र बदलावे, पण मजकुराचे काय?

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ नोंदलेला आहे. लेख संस्कृतात आहे, लिपी नागरी आहे आणि तो शिलाहार राजा माम्वाणि याच्या कारकीर्दीतला आहे. इतक्या पावसाळ्यांनी अक्षरे झिजली, तरीही आधुनिक काळातील अभ्यासकांना त्यातून राजाचे नाव आणि मंदिराचा काळ ठरविता आला. आता याच गावातील एखाद्या शाळेची किंवा वाचनालयाची १९९८ सालची स्मरणिका घ्या. छापील प्रत सापडली तर ती कोणीही वाचील. पण स्मरणिका ज्या फाईलवरून छापली ती फाईल आज नव्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर बहुधा अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी येतील. दगडावरचा मजकूर साडेनऊशे वर्षांनी वाचता येतो आणि संगणकातला पंचवीस वर्षांत हरवतो, हा विरोध चमत्कारिक असला तरी त्याची कारणे अगदी साधी आहेत. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी की नाही, या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाशी ती जोडलेली आहेत. हा प्रश्न मराठीच्या अलीकडच्या इतिहासातला एक प्रश्न म्हणून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एकामागून एक येणारी शहरे. अशा उपनगरांत १९९० नंतर डीटीपीची छोटी दुकाने उभी राहिली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, गृहनिर्माण संस्थांचे अहवाल, स्थानिक साप्ताहिके, दिवाळी अंक, आणि आमच्या वाचकांना जवळचे उदाहरण द्यायचे तर मराठीतील शोधप्रबंध, हे सारे अशाच दुकानांत अक्षरबद्ध होत असे. या दुकानदारांपुढे दर काही वर्षांनी तोच प्रश्न येई: विंडोज ९८ वरून एक्सपीवर जावे काय? एक्सपीवरून विंडोज ७ वर? इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न पैशांचा आणि सवयीचा होता. मराठीत काम करणाऱ्याच्या बाबतीत तो आपली लिपी संगणकाला कळते की नाही, इथपर्यंत जाऊन भिडत होता.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे पायाभूत काम ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत, ‘जिस्ट’ या नावाने, ते वाढले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक होता. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना एका छत्राखाली आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावर आधारलेली होती. म्हणजे मराठी अक्षरांना संगणकात हक्काचे स्थान कागदोपत्री १९९१ सालीच मिळाले होते. मात्र घरोघरी आणि दुकानोदुकानी जी प्रणाली होती, तिला त्या स्थानाची ओळख नव्हती.

ही उणीव फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एका युक्तीने भरून काढली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे बसविले. कृतिदेव या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द लिहिला, की संगणकाच्या स्मृतीत ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. डोळ्यांना ‘मराठी’ दिसते, यंत्राला मात्र इंग्रजीतला एक निरर्थक शब्द दिसतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावी लागे, कारण ती कागदावर आधी दिसते. उच्चारात ती नंतर येते, याचा यंत्राशी काही संबंध नव्हता. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. श्री-लिपीत लिहिलेले आकृतीत उमटत नसे आणि सी-डॅकच्या ‘योगेश’मधले ‘शिवाजी’त वाचता येत नसे. थोडक्यात, त्या काळातील संगणकीय मराठी हे मजकुराचे चित्र होते. त्यात शब्द शोधता येत नसे, अकारविल्हे यादी लावता येत नसे, आणि फॉन्ट हरवला की मजकूरही हरवे.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आली आणि तिच्यात मराठी, हिंदी, कोकणी व संस्कृत या भाषांची देवनागरी प्रथमच प्रणालीच्या अंगभूत भागासारखी आली. पुढच्या वर्षी एक्सपीने ती घराघरांत पोहोचविली. तिथेही एक मेख होती. एक्सपीमध्ये ‘क्लिष्ट लिपीं’साठीच्या फायली आपण होऊन बसविलेल्या नसत. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन त्यासाठी खूण करावी लागे आणि विंडोजची मूळ सीडी घालावी लागे. सुट्या भागांतून जुळविलेला संगणक घेणाऱ्या कितीतरी ग्राहकांकडे अशी सीडीच नसे. तरीही, १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया काय, किंवा त्यानंतर महाजालावर बहरलेले मराठी लेखन काय, या साऱ्याचा पाया प्रणालीतील हाच बदल होता. जुन्या प्रणालीवर थांबलेल्या वाचकाला हे सारे लेखन नुसत्या रिकाम्या चौकटींच्या रूपात दिसे.

मग दुकानदारांनी बदल का केला नाही? त्यांना अज्ञानी किंवा आळशी ठरविणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्यांचे सारे काम पेजमेकरवर चाले. त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, आणि पेजमेकरला युनिकोडमधली देवनागरी अखेरपर्यंत जुळविता आली नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची पुरेशी सोय व्हायला २०१२ साल उजाडले. अनेक मराठी संचांबरोबर ‘डाँगल’ नावाचे एक छोटे कुलूप येई. ते प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावल्याशिवाय संच चालत नसे, आणि नव्या संगणकांवर ते पोर्टच राहिले नाही. त्यात बोटांना वळण लागलेला कळफलक वेगळा. ज्याचे पोट रोजच्या पत्रिकांवर आहे, त्याने चालते यंत्र मोडून युनिकोडच्या मागे का लागावे? त्याचा नकार व्यवहाराच्या कसोटीवर पूर्णपणे समर्थनीय होता.

शिवाय नवी व्यवस्था तरी परिपूर्ण कुठे होती? याचे उत्तर उल्हासनगरच्या इतिहासात फार स्पष्टपणे सापडते. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. येथे आलेल्या माणसांनी आपली भाषा ५२ अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीत आणली होती. ती लिपीही एका सरकारी निर्णयातून, १८५३ साली सिंधमध्ये, ठरलेली होती. १९५० मध्ये केंद्र सरकारने सिंधीसाठी देवनागरी स्वीकारली. त्यास विरोध झाल्यावर पुढच्याच वर्षी दोन्ही लिपींना मुभा देण्यात आली. जिला आज आपण ‘अपग्रेड’ म्हणतो, तिचे हे लिपीच्या पातळीवरील रूप होय. आजोबांची पत्रे एका लिपीत आणि नातवाचे पाठ्यपुस्तक दुसऱ्या लिपीत, अशी दरी एका घरात पडू शकते, हे या समाजाने संगणक येण्यापूर्वीच अनुभवले.

आता देवनागरीतील सिंधीकडे पाहा. सिंधीत आत ओढून उच्चारण्याचे चार खास ध्वनी आहेत. ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देऊन ते लिहितात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. या चार अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००६ साली. २००१ मध्ये ज्याने उत्साहाने नवी प्रणाली घेतली, त्याला आपल्या भाषेतील चार व्यंजने आपल्या नव्या यंत्रात सापडली नसती. मराठीची स्थिती थोडी बरी, पण निर्दोष नव्हे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर ‘अ’वर चंद्र चढवायला गेले, की मध्येच एक ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आपण लहानपणीच शिकतो. पण तो ‘र’ कळफलकावरून कसा काढावा, हे कित्येकांना वर्षानुवर्षे उमगले नाही, आणि महाजालावर स्वयंपाकी आचार्य होऊन वावरत राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रणाली न बदलणाऱ्यालाही बदलाची किंमत मोजावी लागतेच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. शाळेच्या पाटीवर हे अक्षर आले, तरी एक्सपीबरोबर आलेल्या ‘मंगल’ फॉन्टात ते नव्हते. जुन्या यंत्रावर बसलेल्या शिक्षकाला शासनमान्य वर्णमालेतील एका स्वराच्या जागी चौकट दिसे. भाषा पुढे जाते आणि यंत्र जागीच राहते. त्या अंतरात माणूस आपल्याच भाषेचा अर्धसाक्षर वाचक होतो.

मराठीला हा अनुभव नवा नाही. मोडीचा व्यवहार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मागे पडत गेला आणि १९५० च्या दशकात शाळांतील मोडीचे शिक्षणही थांबले. बाळबोधीचा स्वीकार छपाईच्या आणि शिक्षणाच्या दृष्टीने हिताचा होता, यात शंका नाही. पण जमिनीची जुनी खते, पत्रव्यवहार, दप्तरे मोडीतच राहिली. ती वाचण्यासाठी आजही जाणकार शोधावा लागतो. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ साली, म्हणजे तिचा शालेय अभ्यास संपल्यावर सुमारे साठ वर्षांनी. तरीही मोडीचा कागद दयाळू आहे. लिपी शिकून घेतली, की तो बोलू लागतो. पेजमेकरची फाईल इतकी दयाळू नाही. तिला तो फॉन्ट हवा, ती आज्ञावली हवी, आज्ञावलीला चालविणारी प्रणाली हवी आणि कधीकधी ते लहानसे कुलूपही हवे. चौघांपैकी एक गेला, की बाकीचे तिघे निरुपयोगी.

बदलापूरला श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ हे ग्रंथालय उभारून दुर्मिळ मराठी पुस्तके आणि नियतकालिके जमविली. शंभर वर्षांपूर्वीचा एखादा अंक असा जपता येतो, कारण त्याला फक्त वाळवीपासून आणि ओलीपासून वाचवायचे असते. १९९५ ते २०१० या काळातील स्थानिक मराठी लेखनाच्या मूळ फायली जपणारी व्यवस्था मात्र कोणाच्या हिशोबातच नव्हती. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. पाण्यात गेलेला कागद सर्वांना दिसतो आणि त्याची हळहळही होते. फॉन्टाअभावी गेलेला मजकूर बुडाल्याचे कोणाला कळतही नाही.

मुदती तर ठरलेल्याच असतात. विंडोज ९८ चा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख ठरली होती. तिच्यानंतरच्या विंडोज ११ ला तर टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय असलेले यंत्रच लागते, म्हणजे कित्येकांच्या बाबतीत प्रणालीबरोबर संगणकही बदलणे आले. सुरक्षेची डागडुजी थांबलेली प्रणाली महाजालाला जोडून ठेवणे शहाणपणाचे नाही. तेव्हा बदल करावाच लागेल. निवड उरते ती क्रमाची.

बदलापूर हे नाव कसे पडले, याविषयी एक लोकप्रिय कथा आहे. मजल दरमजल करणारे घोडे येथे बदलले जात, म्हणून ते बदलापूर. कथेचा ऐतिहासिक आधार काहीही असो, घोडा बदलणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असे. जुन्या घोड्यावरील ओझे उतरवून नव्यावर चढविल्याखेरीज मजल पुरी होत नाही. संगणकाच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरलो. यंत्र बदलले, आणि मजकूर जुन्या यंत्रासह भंगारात दिला.

म्हणून आमचे म्हणणे असे, की जुने यंत्र चालते आहे तोवरच फायली उघडाव्यात आणि रूपांतरक वापरून त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरक रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि जोडाक्षरे यांत हमखास चुकतात, तेव्हा छापील प्रतीशी ताडून मुद्रितशोधन करावे. नुसती पीडीएफ करून समाधान मानू नये. जुन्या फॉन्टातील पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसली, तरी तिच्यात शब्द शोधू गेल्यास आत तीच रोमन अक्षरे निघतात, आणि शोधप्रबंधांच्या संग्रहांत अशा फायली आज पडून आहेत. कोणता फॉन्ट वापरला होता, याची नोंद फाईलबरोबर ठेवावी. हे काम डीटीपीवाल्याचे एकट्याचे नाही. मुद्रितशोधन ज्यांना येते, ऱ्हस्वदीर्घ ज्यांना कळते, आणि त्या काळातील लेखनाचे मोल ज्यांना करता येते, ते आपण आहोत, मराठीचे विद्यार्थी आणि अध्यापक. एका महाविद्यालयातील मराठी विभागाने आपल्या परिसरातील दहा स्मरणिका आणि पाच प्रबंध जरी असे सोडविले, तरी त्या शहराच्या पंधरा वर्षांच्या वाङ्मयीन जीवनाचा काही अंश पुढच्या अभ्यासकाच्या हाती लागेल. माम्वाणीच्या लेखाला वाचक मिळाले, कारण त्याचे अक्षर अक्षरच राहिले होते. आपल्या काळातील मजकुराची ती अवस्था टिकविणे, हे नवी प्रणाली घेण्याच्या आधीचे काम आहे.