रद्दी : शब्द आणि व्यवहार

'रद्दी' हा शब्द अरबी 'रद्द'पासून आला. मूळ अरबीत त्याचे नाकारणे व परत करणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने पहिलाच तेवढा राखला. व्यवहाराने मात्र दुसरा सोडला नाही. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यातील कागदी जुन्या चिंध्या कुटून, त्यांच्या लगद्यापासून कागद करीत. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेनेही सुती चिंधीचाच आधार घेतला. चादरींच्या सोलापुरास २००४ साली विद्यापीठ लाभले. चिंधी व रद्दी येथे एकाच गावी सापडतात. विद्यापीठातील कोऱ्या पाठीचे कागद टिपणांसाठी वापरून मग लगद्यास देणे सहज शक्य आहे. भाषाभ्यासकास चिंता आहे ती निराळीच : बोलींच्या नोंदवह्या आणि जुनी हस्तलिखितेही त्याच पोत्यात जातात. ती आधी निवडून घ्यावीत, आणि हे काम शिपायावर न सोपविता विभागाने स्वतः करावे.