कोकमाची बी आणि चॉकलेटची वडी

मिरकरवाड्याच्या बंदरात सकाळी उभे राहिले, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. इथला सारा कारभार बर्फावर चालतो. लाद्या येतात, त्यांचा चुरा होतो, तो होड्यांच्या खणांत पडतो, टोपल्यांतल्या मासळीवर पसरला जातो. आता तिथून रत्नागिरी शहराच्या दिशेने चालू लागा. चहाच्या टपरीवर काचेच्या बरण्या दिसतील; त्यांत खारी, नानकटाई, रंगीत कागदांतल्या गोळ्या. पुढे बेकऱ्या लागतील, केकच्या दुकानांतली थंड हवेची कपाटे लागतील, आणि एखाद्या मोठ्या हॉटेलात शिरलात तर पदार्थांच्या यादीच्या शेवटच्या पानावर ब्राउनी आणि ‘चोको लाव्हा’ वाचायला मिळेल. सुरमईला जसा बर्फ लागतो, तसा या चॉकलेटच्या मंडळींनाही गारवा लागतो. समुद्रकाठच्या गावात चॉकलेट कसे आले हे पाहू लागले, की पहिली गाठ पडते ती या गारव्याशी. दुसरी पडते ती तुपाशी. तूप म्हटल्यावर नवल वाटेल, पण या कथेचे खरे मर्म तिथेच आहे.

आधी शब्दाचे पाहू. मराठी मुलाला ‘चॉकलेट हवं का?’ म्हणून विचारा आणि हातावर संत्र्याची गोळी ठेवा. तो तक्रार करणार नाही. कागदात गुंडाळलेले जे जे गोड, ते ते आपल्या भाषेत चॉकलेट. ज्यात खरोखरीचा कोको आहे त्या वडीला मात्र आपण वेगळेच नाव दिले: कॅडबरी. मग ती कोणत्याही कंपनीची का असेना! भाषेने केलेली ही वाटणी गमतीची वाटली तरी तिच्यामागे इतिहास आहे. 1929 साली विलेपार्ल्याला चौहान कुटुंबाने गोळ्यांचा कारखाना काढला. तिथली बिस्किटे नंतरची. नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंदांनी 1933 साली रावळगावला साखरेचा उद्योग उभारला आणि 1942 पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. साखर इथली, हात इथले, गिऱ्हाईक इथले. आणि पाकाची कडक गोळी उन्हाळ्याला दाद देत नाही. बरणीचे झाकण घट्ट लावले, म्हणजे वैशाखातही ती ठणठणीत राहते. कोकोच्या वडीचे तसे नाही. 1948 साली कॅडबरी-फ्राय कंपनी मुंबईत आली, ती प्रारंभी बाहेरचा माल आणून इथे वेष्टनात घालून विकत असे. हा माल नाजूक आणि महाग. तो मुंबईच्या मोठ्या दुकानांत शोभला. कोकणच्या टपरीवर यायला त्याला वीज आणि थंड कपाट येईपर्यंत थांबावे लागले. (रावळगावच्या गोळ्यांची नावे 2024 साली रिलायन्सच्या कंपनीने विकत घेतली, हे जाता जाता सांगून ठेवतो. बरणीतल्या वस्तूंनाही वंशावळ असते.)

तोवर कोकणात अशी वस्तू यायची ती चाकरमान्याच्या ट्रंकेतून. गणपतीला नाहीतर मे महिन्यात माणूस मुंबईहून बोटीने निघे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मुलांना गोळ्या आणि घरच्या माणसांसाठी कापड, एवढे ऐवज घेऊन तो उतरे. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली 1998 साली. त्याआधी घाट होता आणि त्याही आधी समुद्र. इथून माणसे जायची, आंबा जायचा, सुकी मासळी जायची. तिकडून मनीऑर्डर आणि डबा यायचा. ही देवाणघेवाण लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता चॉकलेट म्हणजे वस्तुतः काय, ते पाहू. कोकोच्या झाडाला शेंगेसारखी मोठी फळे येतात, त्यांतल्या बिया आंबवून, वाळवून, भाजून वाटतात. मध्य अमेरिकेतले लोक त्याचे पेय करून पीत. ते कडू असे. त्या बीच्या गाभ्यात निम्मी चरबी असते, म्हणून पेयावर तेलाचा तवंग येई. 1828 साली हॉलंडातल्या फान हाउटेनने दाबयंत्राचे पेटंट घेतले आणि ते तूप पिळून वेगळे काढले. खाली राहिलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे आपली कोको पावडर. मग त्या पिळलेल्या तुपाचे करायचे काय? 1847 साली ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी तेच तूप साखर आणि कोकोत पुन्हा घातले, साच्यात ओतले, आणि खाण्याची वडी झाली. म्हणजे वडीला वडीपण येते ते या तुपामुळे. हे तूप सुमारे 34 अंशांना वितळते. आपल्या अंगाची उष्णता 37. म्हणून ते हातात कडक असते आणि जिभेवर पाणी होते. सारी मौज या तीन अंशांतली! थंड देशात हे ठीक आहे. पण रत्नागिरीत एप्रिलच्या दुपारी बाहेरचा पाराच तिथवर जाऊन टेकतो. मग वडी पाघळते, रात्री पुन्हा थिजते, आणि तिच्या अंगावर बुरशीसारखी पांढरट साय येते. ती बुरशी नव्हे हो, तूप वर आलेले असते.

यावर उपाय असा, की कोकोच्याच जातीचे, पण जरा जास्त उष्णतेला वितळणारे तूप त्यात थोडे घालावे. कोणतेही घालून मात्र चालत नाही. आपले खोबरेल घातले तर ते कोकोच्या तुपाशी पटवून घेत नाही. वडी मऊ पडते. दोन्हींची घडण सारखी हवी. असे तूप देणारी झाडे जगात मोजकीच आहेत, आणि त्यांतले एक तुमच्या-माझ्या परसात आहे.

रातांबा आपण फोडतो ते सालासाठी. सालाची आमसुले होतात, रसाचे आगळ होते, सोलकढी होते. मिरकरवाड्याच्या मासळीला त्याच्याशिवाय चव नाही. बी उरते. ती उन्हात वाळवायची, टरफल काढून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर तवंग येतो तो काढून निववला, की फिकट, करडसर पांढरे घट्ट तूप मिळते. त्याचे मुठीएवढे गोळे वळतात; म्हणूनच की काय, त्याला मुठेल म्हणतात. गोव्याकडे भिरंडेल. गोव्यात 1563 साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात या फळाचा ‘ब्रिंदांव’ म्हणून उल्लेख आहे, आणि इंग्रज व्यापारी या तुपालाच ‘गोवा बटर’ म्हणत. घरात त्याचा उपयोग काय? ओठ फुटले, टाचा भेगाळल्या, की मुठेल चोळायचे. जाळी ओढून आणि खाऱ्या पाण्यात भिजून ज्यांचे हात चिरतात, त्यांना याची महती सांगायला नको. बीच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके तूप निघते आणि ते वितळते 40 अंशांच्या आसपास. निव्वळ मुठेलाची वडी केली तर ती तोंडात मेणासारखी राहील. पण कोकोच्या तुपात थोडेसे मिसळले, की वडी उन्हाळ्यात टिकाव धरते. मैसूरच्या केंद्रीय अन्नसंस्थेतल्या संशोधकांनी हे प्रयोग केले आणि 2005 साली ते प्रसिद्धही झाले.

आता युरोपात काय चालले होते ते ऐका. 1973 साली ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क युरोपीय समूहात शिरले. या देशांत चॉकलेटमध्ये दुसरे वनस्पतिजन्य तूप थोडे घालण्याची रीत होती. फ्रान्स, बेल्जियम वगैरेंना ती बाटवाबाटवी वाटली. ‘चॉकलेट’ म्हणायचे कशाला, यावर सत्तावीस वर्षे वाद चालला. वर्तमानपत्रांनी त्याला चॉकलेटचे युद्ध असेच नाव दिले. अखेर 23 जून 2000 रोजी तडजोडीचा कायदा झाला. कोकोच्या तुपाखेरीज दुसरे तूप शेकडा 5 पर्यंत चालेल, वेष्टनावर तसे स्पष्ट छापावे लागेल, आणि ते तूप सहाच झाडांचे असेल. तरी इटली आणि स्पेन अडून बसले. 2003 साली न्यायालयाने त्यांना गप्प केले. ती सहा नावे पाहा: इलिपे, पाम, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. सहांपैकी तीन झाडे हिंदुस्थानची, आणि त्यांतली दोन थेट रत्नागिरीची! पॅरिसच्या आणि ब्रुसेल्सच्या मिठाईवाल्यांचे भांडण मिटले, ते आपल्या परसातली झाडे कायद्याच्या यादीत लिहून.

आणि घरी? आपल्या देशाच्या 2011 च्या अन्ननियमांत चॉकलेटमध्ये कोकोच्या तुपावाचून दुसरे वनस्पतिजन्य तूप नसावे, असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे मुठेल युरोपच्या चॉकलेटात चालावे आणि ज्या भूमीत ते पिकते तिथल्या चॉकलेटात नाही! पुढच्या काही वर्षांत हा नियम सैल झाला आणि शेकडा 5 ची सवलत इथेही आली. नियम करणाऱ्यांचा हेतू भेसळ रोखण्याचा होता, त्यात दोष नाही. पण बेकऱ्यांत केकवर ओततात ते ‘कंपाउंड’ पाहा. त्यात कोकोची भुकटी असते, पण कोकोच्या तुपाऐवजी पाम वगैरेंचे कडक केलेले तेल असते. ते स्वस्त पडते, उन्हाला पुरून उरते, आणि मिरकरवाड्यापासून मुंबईपर्यंत वाढदिवसाच्या केकवर तेच दिसते. चवीला ते जरा मेणचट लागते, हे माझे मत. आवडत असेल त्यांनी खुशाल खावे.

आपल्या किनाऱ्यानेच दक्षिणेकडे गेलात, तर या प्रश्नाचे दुसरे उत्तर सापडेल. 1965 पासून कॅडबरीने केरळात कोकोची लागवड वाढवली. शेतकऱ्यांनी नारळी-पोफळीच्या सावलीत झाडे लावली. पण 1980 च्या सुमारास भाव कोसळले आणि माल घ्यायला कोणी उरेना. तेव्हा मंगळूरच्या कॅम्पको या सुपारी बागाईतदारांच्या सहकारी संस्थेने (स्थापना 1973) तो माल विकत घ्यायला सुरुवात केली, आणि 1986 साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. ज्यांच्या बागेत बी पिकते त्यांनीच वडी केली. तो कारखाना आजही चालतो. या दृष्टीने आपला रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा हिशेब तपासायला हवा. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी कोकमाची सुधारित जात दिली, सरबताचे आणि आगळाचे कारखाने झाले. पण बीचे तूप शुद्ध करून चॉकलेटवाल्याला लागते तसे देणे हे काम वेगळे. त्याला यंत्रे हवीत, बी वेळेवर वाळायला हवी, ढीगभर एका जागी यायला हवी. घरोघरी फुटणाऱ्या रातांब्यांची बी विखुरलेली राहते. आमसुलाचा पैसा दिसतो म्हणून साल सांभाळले जाते आणि बी मिळेल त्या भावाने जाते, नाहीतर उकिरड्यावर. आंब्याच्या कोयीचेही तेच. कॅनिंगच्या हंगामात कारखान्यांमागे बाठ्यांचे डोंगर उभे राहतात. कोयीतल्या वाळलेल्या गरात शेकडा 10 च्या आसपास तूप असते. पण ओल्या बाठ्यांना दोन दिवसांत बुरशी धरते, आणि मग त्यांत राम उरत नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे, की 2024 साली कोकोच्या भावाने कहर केला. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांत पीक बुडाले आणि जो कोको वर्षानुवर्षे टनाला 2,000 ते 3,000 डॉलरांत मिळत होता, तो 12,000 डॉलरांच्या वर गेला. चॉकलेटवाले जगभर दुसरी तुपे धुंडाळू लागले. मुठेलाला मागणी आहेच. परदेशी अंगाला लावायच्या मलमांत ते मानाने जाते. ट्रंकेतल्या डब्याची मघाची गोष्ट इथे आठवते. कच्चा माल बोटीने जायचा आणि तयार माल डब्यातून परत यायचा. आता बोट नाही, रेल्वे आहे, एवढाच फरक!

यात घाई मात्र निसर्ग करतो. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो. उरलेले फळ झाडाखाली सडते, बीही त्याच्याबरोबर. त्याआधीच्या चार-सहा आठवड्यांत ज्या गावाने बी धुऊन कडक वाळवली आणि कोरड्या जागी साठवली, त्याच गावाला तिचा भाव विचारायला तोंड राहते.

तुमच्या घरी कोणी परदेशाहून चॉकलेटचा डबा आणील, तेव्हा एकदा मागची बारीक अक्षरे वाचून पाहा. युरोपात 2014 च्या डिसेंबरपासून घटकांच्या यादीत तूप कोणत्या झाडाचे तेही लिहावे लागते. बहुधा पाम आणि शिया हीच नावे आढळतील. कोकम हे नाव आढळलेच, तर ती बी बहुधा सह्याद्रीच्या परिसरातली. एवढे आपल्याला डबा आणणाऱ्याला खुशाल सांगता येईल.