नसेल तर मरवा : पेस्टोची गोष्ट



माझ्या पुतणीने यंदा कुंडीत बेसिल लावलं. पावसाने रोप चांगलं फोफावलं, तेव्हा तिने विचारलं, “काकू, मला पेस्टो करायचाय. पण खरा, ओरिजिनल. तो कसा करतात?” मी वाचायला बसले, आणि त्या ‘खऱ्या’ शब्दापाशीच अडकले. आज तुम्हाला तीच गोष्ट सांगते.

पेस्टो ही इटलीतल्या जिनोआ शहराची चटणी. इटालियन भाषेत ‘पेस्तारे’ म्हणजे ठेचणे, कुटणे. त्यावरून पेस्टो. म्हणजे आपण ठेचतो तो ठेचा, ते ठेचतात तो पेस्टो! आणि बेसिल तरी कुठे परकं आहे? आपण फालुद्यात सब्जा घालतो, ते याच झाडाचं बी. तुळशीची ही बहीण, पण तुळस नव्हे. आशियाच्या उष्ण भागातून ती फार जुन्या काळी युरोपात पोचली.

लसूण, चीज आणि पाला एकत्र कुटायची रीत मात्र बेसिलच्या पेस्टोहून कितीतरी जुनी आहे. ‘मोरेतुम’ नावाचं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं एक लॅटिन काव्य आहे. त्यात एक गरीब शेतकरी पहाटे उठून लसूण, मीठ, चीज आणि परसातला पाला खलात कुटतो, त्यात तेल आणि व्हिनेगर घालतो आणि भाकरीसारख्या जाड रोटीबरोबर शिदोरी म्हणून नेतो. बेसिलचं त्यात नावही नाही. जे दारात उगवलं, ते खलात गेलं.

जिनोआचा मुलूख म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेली शेतं, त्यात ऑलिव्हची झाडं. तेल घरचं, पाला घरचा. गाईगुरांना मोठी कुरणं नाहीत, म्हणून चीज बाहेरून यायचं : पार्मेजान डोंगरापलीकडून, मेंढीच्या दुधाचं चीज सार्डिनिया बेटावरून. जिनोआ मोठं बंदर असल्याने हॉलंडचं चीजसुद्धा मिळायचं.

आता १८६३ सालाकडे येऊ. त्या वर्षी जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांचं पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यात पेस्टोची कृती छापलेली आहे, आणि छापील कृतींमध्ये ती सर्वांत जुन्यांपैकी मानतात. पुस्तकाचं नाव ‘ला कुचिनिएरा जेनोवेझे’, म्हणजे ‘जिनोआची स्वयंपाकीण’. लक्षात आलं ना? नाव स्वयंपाकिणीचं आणि लेखक पुरुष. ज्यांच्या मनगटांनी पिढ्यान्‌पिढ्या बत्ता फिरवला, त्यांतली एकही बाई त्या कृतीखाली नावाने नाही.

आणि कृती काय सांगते? लसणाची पाकळी घ्या, बेसिल घ्या. नसेल तर मरवा आणि पार्सली घ्या. हॉलंडचं चीज आणि पार्मेजान मिसळा, पाइन नट घाला, थोड्या लोण्याबरोबर कुटा, मग भरपूर तेलात सैल करा. होय, मरवा! आपण वेणीत माळतो तोच. बेसिल थंडीत जळून जातं, मग बाई स्वयंपाक थोडाच थांबवणार? ‘नसेल तर’ हे दोन शब्द कोणत्या तरी खऱ्या स्वयंपाकघरातून आले असणार, असं मला वाटतं.

आजच्या ‘अस्सल’ पेस्टोच्या यादीत मात्र हॉलंडचं चीज नाही, लोणी नाही, मरवाही नाही. २००५ साली जिनोआच्या बेसिलला युरोपचं संरक्षित नाव मिळालं. २००७ पासून तिथे खलबत्त्यात पेस्टो कुटण्याची जागतिक स्पर्धा भरते. चांगलंच आहे, शेतकऱ्याच्या मालाला मोल आलं. पण ही ठरीव यादी त्या जुन्या छापील कृतीपेक्षाही नवी आहे. आणि जी जिनोआची माणसं पोटासाठी दूर पेरू देशात गेली, त्यांच्याकडचा पेस्टो पालकावर वाढला. त्यात तिथलं ताजं चीज आलं. तो खोटा म्हणायचा का?

तर मग पुतणीला मी असं सांगितलं. ५० ग्रॅम पानं धुऊन कोरडी कर. खलात आधी लसणाच्या दोन पाकळ्या आणि खडेमीठ, मग चमचाभर पाइन नट. नसतील तर काजू. मग थोडी थोडी पानं घाल आणि बत्ता आपटू नकोस, गोल फिरव. शेवटी किसलेलं चीज आणि अर्धी वाटी ऑलिव्ह तेल. मिक्सर वापरलास तर थांबून थांबून फिरव, पानं गरम झाली की काळवंडतात. उरलं तर वर तेलाचा थर देऊन फ्रीजमध्येच ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव. चटणी शिजवायची नाही, गरम पास्त्यावर घालायची. जिनोआत त्या पास्त्याबरोबर बटाटा आणि घेवड्याच्या शेंगाही उकडतात, म्हणजे पोटभर होतं.

तिने केलं, छान झालं. मग म्हणाली, “काकू, आता आजीची जवसाची चटणी सांगा.” आणि मी गप्प झाले. माझ्या सासूबाई जवस नसला की कारळं घ्यायच्या, चिंच नसली की आमसूल. काय किती घ्यायच्या, ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मी पंचवीस वर्षं ती चटणी खाल्ली आणि एकदाही वही उघडली नाही. आता त्या नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अजून कुणी सांगणारं असेल, तर आज रात्रीच वही घेऊन बसा. काय घालतात ते लिहा, नसेल तर काय घालतात तेही लिहा. आणि खाली त्या बाईचं नाव लिहायला विसरू नका.