घंटावादकांचा मेळ

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं वेदीपाशीं उभे राहणाऱ्यांचें स्मरण सर्वच करतील. परंतु ज्यांचे हात दिसत नाहींत, नाद तेवढा ऐकूं येतो, त्या घंटावादकांविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पुण्यांत कॅथलिकांच्या देवळास सवाई माधवराव पेशव्यांनीं जागा दिली ती १७९२ सालीं. पुढें सुमारें शतकानें गुरुवार पेठेंत, पंचहौद येथें, अँग्लिकन मिशनच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यांत इंग्लंडांतील लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यांतून आलेल्या आठ घंटा बसल्या. पंथ निराळा, पण धडा आमच्याही कामाचा आहे. अशा संचांत प्रत्येक घंटेस चाक, चाकास दोरी आणि दोरीस एक माणूस असतो. सर्वांत हलकी घंटा क्रम सुरू करते. सर्वांत जड घंटा बहुधा शेवटचा ठोका देऊन सर्वांस धरून ठेवते. मधल्यांनीं क्षणोक्षणीं जागा बदलावयाची. आणि एक जण आपली दोरी ओढतां ओढतांच पुढील फेरबदलाची हांक देतो. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. १९६३ सालीं लफबरो येथेंच आठ जणांनीं ते सारे, दोरी न सोडतां, सुमारें १८ तासांत पुरे केले.

ह्या वादकांच्या सरावासाठीं हातघंटा कामीं आल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्टशायरमधील आल्डबर्न येथें कोर बंधू त्या घडवूं लागले, आणि पुढें हातघंटांचेच वृंद झाले. वृंदांत बहुधा प्रत्येकाकडे दोन शेजारी स्वर असतात. खर्जवाल्यास भार फार, स्वर थोडे. तारस्वरवाल्याच्या घंटा चिमुकल्या, पण प्रसंगीं एकेका हातांत दोन दोन धरून चपळाईनें वाजवाव्या लागतात. नाद लांबून पुढील स्वर गढूळ होऊं नये म्हणून घंटा अंगाशीं टेकवून वेळेवर थांबविणें, हें मात्र सर्वांचेंच काम. पेटीवाला एकटा सर्व स्वर वाजवितो. येथें एकच चाल दहाबारा जणांत वांटलेली असते. एक जण आला नाहीं, तर चालींत तेवढी जागा रिकामी राहते. शेजारी कितीही कुशल असला तरी त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

संत पौलानें ख्रिस्तसभेस अनेक अवयवांचें एक शरीर म्हटलें, तें आम्हांस येथें कानांनीं ऐकूं येतें. मिस्साच्या वेळीं लहान घंटा हलविणारा मुलगाही त्याच मेळांतला. पुढील ज्युबिलीस घंटा असतीलच. त्या हातीं घेण्यास कोण उभें राहील, हा प्रश्न घरोघरच्या मुलांपुढें ठेवून आम्ही रजा घेतों.