तबकडीवरील विझलेला प्रकाश

जुनीं मनगटी घड्याळें जमविणें व तीं पुन्हा चालतीं करणें या छंदास आम्ही इतिहासाभ्यासाचेंच एक अंग समजतों. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं मनगटी घड्याळ हें बहुधा स्त्रियांचें भूषण मानलें जाई. खंदकांतील सैनिकास मात्र खिशांतील घड्याळ काढण्याची उसंत नसे, आणि रात्रीं काडी ओढणें म्हणजे शत्रूस आपलें ठिकाण दाखविणें होय. म्हणून घड्याळ मनगटावर आलें व त्याच्या अंकांवर रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचा स्वयंप्रकाशी लेप चढला.

असा लेप देणाऱ्या, अमेरिकेंतील ऑरेंज येथील कारखान्याच्या तरुणी कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरीत. रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसलें. कित्येकींचे जबडे झडले. ग्रेस फ्रायर व तिच्या चार सहकारिणींनीं लावलेला दावा १९२८ सालीं तडजोडीनें मिटला.

आज त्या तबकड्या अंधारांत उजळत नाहींत. निकामी झालें आहे तें झिंक सल्फाइड. रेडियम निम्में व्हावयास तर सुमारें १६०० वर्षें लागतात. असें घड्याळ हातीं आलें म्हणजे जुना लेप खरवडून नवा भरण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा, असें आम्हांस वाटतें. खरवडलेली भुकटी श्वासावाटे शरीरांत जाण्याचें भय आहेच. शिवाय ज्या कोणा हातांनीं ते अंक रंगविले, त्यांची एकुलती खूणही तिजबरोबर नाहींशी होते. कसबी घड्याळजीकडून यंत्र स्वच्छ करवावें, तेल घालवावें, तुटलेली स्प्रिंग बदलवावी. तबकडीस मात्र हात लावूं देऊं नये. घड्याळ चालूं लागलें म्हणजे पुरे. त्यानें अंधारांत पुन्हा चमकावें, हा हट्ट नको.