रंगभूमीवरील पतन

नाटकांत आकाश कोसळलेलें पाहणें प्रेक्षकास आवडतें. मात्र तें खरोखरच कोणाच्या मस्तकावर कोसळूं नये, अशीहि त्याची रास्त अपेक्षा असते. या दोन इच्छांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न रंगभूमीइतकाच जुना आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रांत त्याचें एक उत्तर सांपडतें. आहार्याभिनयाच्या विवेचनांत पर्वत, ढाली, आयुधें इत्यादि वस्तु लोखंडाच्या किंवा दगडाच्या न करतां वस्त्र, लाख, मेण अशा हलक्या द्रव्यांच्या कराव्या, असें सांगितलें आहे. जड वस्तूंनीं नट थकतो, हें त्याचें कारण. शस्त्राचा प्रहारहि केवळ संकेतानेंच दाखवावयाचा. तात्पर्य, भार प्रेक्षकाच्या मनांत उत्पन्न करावा, नटाच्या अंगावर घालूं नये.

परंतु हलकी वस्तु पडतांना आवाज करीत नाहीं, ही अडचण उरतेच. इटालियन स्थपति निकोला साब्बातिनी यानें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत मेघगर्जनेसाठीं लांकडी पन्हळींतून जड गोळे गडगडत सोडण्याची युक्ति वर्णिली आहे. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें १७६६ सालीं उघडलेल्या नाट्यगृहाच्या छपरांत अशी पन्हळ अद्यापि जपलेली आहे. येथें वजन खरें असतें, पण तें पन्हळींत कोंडलेलें असतें. डोळ्यांस दिसणारें पतन एकीकडे आणि कानीं पडणारा भार दुसरीकडे, अशी ही फारकत होय. सुरक्षिततेचें सारें रहस्य तिच्यांत आहे.

तथापि जें वजन प्रेक्षकास दाखवावयाचेंच नसतें, त्याचें काय? पॅरिसच्या ऑपेरागृहांत २० मे १८९६ रोजीं प्रयोग चालू असतां भव्य झुंबराचा तोल सांभाळणारें एक वजन सुटून छत फोडून खालीं आलें. प्रेक्षकांतील एक स्त्री त्याखालीं मरण पावली. कित्येक जखमी झाले. झुंबर जागच्या जागीं राहिलें. ज्याकडे सर्वांचे डोळे लागले होते त्यानें घात केला नाहीं. घात केला तो छपराआड दडलेल्या लोखंडानें.

या अपघाताचें बीज घेऊन गास्ताँ लरू यानें आपल्या प्रसिद्ध कादंबरींत झुंबरच पाडलें. तिच्यावरून रचलेली संगीतिका १९८६ सालीं लंडनमध्यें रंगभूमीवर आली. तींतील झुंबर पहिल्या अंकाच्या शेवटीं प्रेक्षकांच्या डोक्यांवरून रंगमंचाकडे झेपावतें. पण तें सर्व वेळ तारांनीं धरलेलें असून यंत्राच्या वेगानेंच उतरतें. उरलेलें पतन वाद्यांचा कल्लोळ आणि प्रकाशाचा लखलखाट पुरें करतात.

सावधगिरी मात्र केवळ मोठ्या वस्तूंपुरती ठेवून चालत नाहीं. हिमवृष्टीसाठीं वरून कागदाचे कपटे पाडण्याची जुनी रीत आहे. प्रयोगानंतर तेच कपटे झाडून पुन्हां भरले, तर त्यांबरोबर जमिनीवरचे खिळे व स्क्रूहि वर जातात आणि दुसऱ्या दिवशीं नटाच्या डोळ्यांवर येतात. म्हणून कपटे नवे घ्यावे, निदान चाळून घ्यावे. टांगलेल्या प्रत्येक वस्तूस दुसरा स्वतंत्र आधार द्यावा. आणि तिच्याखालीं कोणी उभें राहणार नाहीं हें तालमींतच ठरवावें.

अशा माणसाच्या दक्षतेस टाळ्या पडत नाहींत. प्रेक्षक आपापल्या घरीं सुखरूप परततात, एवढीच तिची पावती. आणि ती थोडी नव्हे.